ठराव क्रमांक नऊ

कांदळवाडीच्या हायस्कुलात भूगोल शिकवणारे रामचंद्र मसुरकर, म्हणजे सगळ्या गावाचे दाजी मास्तर, पाच वेळा कोल्हापूरला जाऊन एस. टी. सी.च्या परीक्षेत नापास झाले, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हायस्कुलातल्या मास्तराला नोकरीत कायम व्हायचं तर ही परीक्षा पास व्हावी लागे. खरी गोष्ट मात्र एकट्या दाजींना माहीत होती. ते एकदाही नापास झालेले नव्हते. नापास व्हायला आधी पेपर लिहावा लागतो, आणि दाजींनी परीक्षेच्या हॉलमध्ये आजवर पाऊलच टाकलेलं नव्हतं.

दर एप्रिलात तेच व्हायचं. त्यांची बायको यमुनाबाई तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि पित्तावर उतारा म्हणून कोकमाच्या आगळाची बाटली बांधून देत. दाजी एस.टी.ने फोंडाघाट चढत, कोल्हापुरात उतरत आणि पेपराच्या दिवशी सकाळी अंघोळ, देवपूजा उरकून, दोन पेनांत शाई भरून केंद्राच्या फाटकाशी अगदी वेळेवर पोचत. तिथे पोटातून एक थंड गोळा उठायचा, तो छातीशी यायचा, तळहात घामाने चिंब व्हायचे आणि पाय आपोआप समोरच्या चहाच्या टपरीकडे वळायचे. टपरीवर ते तीन तास बसत. घंटा झाली की बाहेर पडणाऱ्या घोळक्यात मिसळून, "दुसरा प्रश्न जरा वाकडाच होता," असं कुणाला तरी ऐकवत मुक्कामी परत. असे चार पेपर, चार दिवस. पाचव्या वर्षापर्यंत टपरीवाल्याशी इतका घरोबा झाला की तो न सांगता साखर कमी घालायचा.

जूनमध्ये दाजी स्वतःच गावात जाहीर करत, "उडालंय रे यंदाय!" लोक च्‌च्‌ करत आणि आपापल्या कामाला लागत. दाजींचा यामागे विचार होता. मठ्ठ माणसाला लोक लवकर विसरतात, कारण मठ्ठपणावर औषध नाही हे सगळ्यांना पटलेलं असतं. भित्र्या माणसाला मात्र जन्मभर सोडत नाहीत, बारशापासून बाराव्यापर्यंत त्याची आठवण काढतात. तेव्हा मठ्ठ म्हणवून घेतलेलं परवडलं. बेचाळीस वर्षांच्या माणसाने एवढा हिशोब करून ठेवला होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती, याचं त्यांना फार वाईट वाटे.

एकोणीसशे साठ साली नवं राज्य झालं. नव्या राज्याला नवी परिपत्रकं काढायची हौस आली. त्यांतलं एक वरच्या कुठल्याशा कचेरीतून कांदळवाडीला येऊन पोचलं. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रत्येक शाळेत किमान पाच विद्यार्थी-मंडळं असावीत, त्यांची इतिवृत्तं लिहावीत, जानेवारीत तपासणी होईल, असं त्यात होतं. हेडमास्तर आबा सामंतांनी ते तीनदा वाचलं. पोरांना मन असतं आणि ते अभ्यासात नसतं, एवढंच त्यांना मानसशास्त्र ठाऊक होतं. पण मंडळं काढणं काही अवघड नव्हतं. वक्तृत्व, विज्ञान, बाग, संगीत, अशी चार त्यांनी एका दुपारी काढली. मग दाजींना बोलावलं.

"दाजी, चार मंडळां झाली. पाचवा तुझा."

"कसला?"

"कसलाय चलात. बारा पोरां उरली हत. त्यांका खंय तरी घाल."

उरलेल्यांचा मासला बघण्यासारखा होता. गुरुदासने विज्ञान मंडळात पहिल्याच दिवशी परीक्षानळ्यांचं अख्खं फडताळ अंगावर ओढून घेतलं होतं. शिवाने बागेत लावलेला भोपळा मेला, दोडका मेला, शेवटी त्याने नुसता हात लावलेली तुळससुद्धा वाळली, तेव्हा त्याला कुंपणाबाहेर काढण्यात आलं. एका मुलीचं गाणं ऐकून पेटी वाजवणाऱ्या मास्तरांनी रजा टाकली. आणि अकरावीतली सरला. ही मासे विकणाऱ्या हौसाबाईची मुलगी. वर्गात तोंडी विचारा, गंगेपासून गोदावरीपर्यंत सगळ्या नद्या उपनद्यांसकट सांगेल. पण परीक्षेचा पेपर हातात पडला की घेरी येऊन बाकाखाली. सहामाहीला पडली, वार्षिकला पडली, गेल्या मार्चात मॅट्रिकला मालवणच्या केंद्रावर पडली. यंदा पडली तर शाळा बंद आणि लग्न, असं बापाने समुद्रावर जाता जाता सांगून ठेवलं होतं. हौसाबाईने देवळात कौल लावला, तर देवाने भूतबाधा नाही म्हणून स्वच्छ कौल दिला. मग काय आहे, हे मात्र देवाने सांगितलं नाही.

शाळेमागच्या वाळूत एक जुनी होडी कित्येक वर्षं पालथी पडून होती. मालक कोण, कुणालाच आठवत नव्हतं. शनिवारी दुपारी त्या होडीभोवती दाजींनी आपलं मंडळ बसवलं. नाव काय ठेवायचं सुचेना, म्हणून वहीवर "मंडळ क्र. ५" लिहिलं. गावाने त्याला 'उरलेल्यांचं मंडळ' म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं.

पहिले तीन शनिवार कुणी ब्र काढला नाही. दाजींनी इतिवृत्तात लिहिलं, "मंडळ बसले. मंडळ उठले." तिन्ही वेळा तेच.

चौथ्या शनिवारी शिवाच्या अंगात आलं. त्याचा आजा गंगाराम हा गावचा मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्यात. आता गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने एकाने देवासमोर उभं राहून मागणं बोलायचं, आणि जमलेल्यांनी त्याच्या प्रत्येक मागणीला "होय महाराजा" म्हणून साथ द्यायची. शिवा उठला, आज्यासारखं पोट पुढे काढून होडीसमोर हात जोडून उभा राहिला आणि त्याच सुरात बोलायला लागला.

"बा देवा म्हाराजा! आज हय बारा पोरां आणि एक मास्तर जमलेली आसत. मी भोपळो लावलंय, तो मेलो. दोडको लावलंय, तो मेलो. बागेचे मास्तर म्हणतत माझ्या हातात इख आसा. तर माझ्या हाताचा काय वायट-वाकडा आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अकरा पोरं एका आवाजात ओरडली. कुणी ठरवलं नव्हतं. या मुलखात कुणी त्या सुरात 'म्हाराजा' म्हटलं की गळा आपला आपण उत्तर देतो, मालकाला विचारत नाही. दाजींचाही गळा ओरडला. मग सगळी हसत सुटली. शिवा तर होडीवर आडवा पडून हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण भोपळा मेल्याचं त्याला खरंच वाईट वाटलं होतं आणि आजवर कुणी तसं म्हणू दिलं नव्हतं.

मग गुरुदास उठला. त्याच्या मागून आणखी दोघं. या पद्धतीतली खुबी दाजींच्या हळूहळू ध्यानात आली. 'होय महाराजा' म्हणणाऱ्याला दुसरं काही म्हणायची मुभाच नव्हती. "तू असं कर, तू तसं कर, आमच्या वेळी असं नव्हतं," यातलं एकही वाक्य त्या सुरात बसत नाही. ऐकायचं आणि होय म्हणायचं. कोकणात कुणी कुणाला न शिकवता इतका वेळ गप्प बसल्याचं दाजींनी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

पाचव्या शनिवारी सरला उठली. तिने हात जोडले, पण नजर वाळूत.

"बा देवा म्हाराजा. पेपर हातात इलो काय माझ्या पोटात गोळो येता. हात थंड पडतत. अक्षरां पाण्यातसारी पोहाक लागतत. मगे माका कायच दिसना नाय. आवस म्हणता भूत, बापूस म्हणता नाटक. भूतय नाय आणि नाटकय नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

या वेळी दाजींचा गळा उघडला नाही. पोटातला गोळा, थंड हात, पोहणारी अक्षरं. त्यांना वाटलं, या पोरीने कोल्हापूरच्या फाटकाशी आपल्याला उभं असलेलं पाहिलंय. कुणी बघू नये म्हणून त्यांनी वहीत डोकं घातलं आणि लिहायला सुरुवात केली.

दाजींची इतिवृत्तं हा एक स्वतंत्र विषय आहे. बोलणं मालवणीत व्हायचं, पण वही सरकारी, तेव्हा लिहिणं कचेरीच्या मराठीत. "ठराव क्र. १ : शिवा याच्या हातून भोपळा जगत नाही, याबद्दल हे मंडळ त्यास दोष देत नाही. सूचक : स्वतः शिवा. अनुमोदक : गुरुदास. सर्वानुमते संमत." "ठराव क्र. ४ : कु. सरला हिच्या पोटात गोळा येतो, हे मंडळास मान्य आहे. सर्वानुमते संमत." "ठराव क्र. ६ : गुरुदास याला रात्री घरी जाववत नाही, कारण वडील ओरडतात. मंडळ त्यास अंधार पडेपर्यंत होडीवर सोबत करील. सर्वानुमते संमत." पुढच्या शनिवारी आदल्या ठरावांचं वाचन व्हायचं. आपलं दुःख सूचक-अनुमोदकासह रीतसर संमत झालेलं ऐकताना पोरं ताठ बसायची, जणू ग्रामपंचायतीवर निवडून आलीत.

आठव्या ठरावानंतर दाजींनी 'ठराव क्र. ९' असं लिहिलं आणि पुढची अर्ध्या पानाची जागा कोरी सोडली. मग थेट दहावा. पोरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "असांदे. कोणाक तरी लागतलो."

गाव काही आंधळं बहिरं नव्हतं. दर शनिवारी समुद्राकडून 'व्हय म्हाराजा' ऐकू यायला लागलं, तसा गंगाराम काठी आपटत होडीशी आला.

"कोणाच्या परवानगीन? नारळ खंय? देव खंय? होडयेक गाऱ्हाणा घालतास मेल्यांनो?"

शिवा गुरुदासच्या मागे लपला. दाजींनी परिपत्रक पुढे केलं. गंगारामला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी परिपत्रकाने तो नमला नसता. एवढ्यात हौसाबाई डोक्यावर माशांची पाटी घेऊन वाळूतून येत होती, ती थांबली. तिचा आवाज बाजाराच्या या टोकाला निघाला की त्या टोकाची मांजरं उठत.

"गंगाराममामा, माझा चेडू सरला चार म्हयन्यांनी पोटभर जेवला. होडयेच्या पुढ्यात बोलात नाय तर वडाच्या. नारळ व्हयो ना? मी देतंय."

आता नारळ मिळतोय म्हटल्यावर प्रश्न धर्माचा न राहता व्यवहाराचा झाला. गंगारामने जरा विचार केला आणि दोन अटी घातल्या. दर शनिवारी एक नारळ देवळात यावा, आणि दुसरी अट अशी.

"गाऱ्हाण्यात खोटा बोलू नये. आणि लपवक तर आजाबात नये. जो उभ्यान ऐकता आणि आपला बोलना नाय, तेचा देवाक सोसना नाय."

एवढं बोलून त्याने नेमकं दाजींकडे पाहिलं. खरं म्हणजे त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि तो नेमका कुणाकडे बघतोय हे कधीच कळत नसे. पण दाजींना रात्री झोप आली नाही.

जानेवारीत दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला सगळे दिपोटीच म्हणत. किरकोळ अंगाचे, जाड भिंगांचे, बोलणं तोलून. वक्तृत्व मंडळाने त्यांना चार भाषणं ऐकवली. बाग मंडळाने कोबीचे गड्डे दाखवले. ते आबांनी आदल्या दिवशी मालवणच्या बाजारातून आणून मातीत नीट बसवले होते, आणि दिपोटींनी एक उचलून बघितला तेव्हा तो मुळांशिवाय सहज हातात आला. त्यांनी गड्डा परत जाग्यावर ठेवला, वर माती सारली आणि मंडळ क्रमांक पाचची वही मागितली.

दिपोटी उभ्याउभ्या सगळी वही वाचत गेले. भोपळा, गोळा, ओरडणारे वडील. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"सूचक आहेत. अनुमोदक आहेत. सर्वानुमते आहे. मागील सभेचे वाचनही आहे," ते म्हणाले. "जिल्ह्यात एवढं व्यवस्थित दप्तर मी पाहिलं नाही. पण ठराव क्रमांक नऊ कोरा आहे."

"तो राखून ठेवला आहे, साहेब," दाजी म्हणाले. साहेबासमोर दाजींची मराठी आपोआप कचेरीची व्हायची.

"कोणासाठी?"

"एका सभासदासाठी."

"कोरा ठराव दप्तरात चालत नाही. जूनच्या आत भरून घ्या." मग त्यांनी शिक्षकांचा तक्ता उघडला. "मसुरकर, आपण अजून अप्रशिक्षितच? पाच वेळा अनुत्तीर्ण? जूनपासून अप्रशिक्षितांना कमी करायचे आदेश आहेत. एप्रिलची परीक्षा ही शेवटची संधी समजा."

तक्ता दाजींनीच भरलेला होता. 'अनुत्तीर्ण' हा शब्द आपल्याच वळणदार अक्षरात बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा जूनपर्यंत दोन गोष्टी भरायच्या होत्या, एक कोरा ठराव आणि एक परीक्षेचा पेपर, आणि दाजींना पक्कं माहीत होतं की या दोन गोष्टी एकच आहेत.

त्याआधी मार्च आला. सरलाची मॅट्रिक. पहिल्या पेपराला उरलेलं मंडळ, म्हणजे सरला वजा जाता अकरा पोरं आणि दाजी, सकाळच्या एस.टी.ने मालवणात दाखल झालं आणि केंद्राच्या दगडी गडग्याला पाठ लावून रांगेत उभं राहिलं. आत पहिली घंटा झाली. शिवाने पोट पुढे काढलं.

"बा देवा म्हाराजा! आमचा सरला आत गेला हा! तेका घेरी येवची आसात तर येवंदे, पण बाकार बसल्या बसल्या येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मालवणच्या त्या गल्लीतले कावळे उडाले. केंद्रप्रमुख घाम पुसत फाटकाबाहेर धावत आले.

"हा काय प्रकार आहे? उत्तरं सांगताय?"

"यात उत्तर कुठलं, साहेब?" दाजींनी शिक्का मारलेली वही उघडून धरली. "शाळेचं मान्यताप्राप्त मंडळ आहे. ठराव क्रमांक अकरा, सर्वानुमते संमत."

केंद्रप्रमुख नियमाचा माणूस. त्यांनी खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, आणि दोघांनी मिळून ते उभ्याने चाळलं. चिठ्ठ्या पुरवण्याबद्दल नियम होता. खुणा करण्याबद्दल होता. 'व्हय म्हाराजा'बद्दल काही नव्हतं.

"पण समजा एखाद्या प्रश्नाचं उत्तर 'होय' किंवा 'नाही' असं असलं तर?" केंद्रप्रमुखांना अचानक सुचलं. "आत पन्नास मुलं एकदम 'होय' लिहितील!"

मुद्दा बिनतोड होता. दाजींनाही तो मानावा लागला. शेवटी असं ठरलं, की रोज पेपर वाटण्यापूर्वी एकदाच, आणि हळू. हळू म्हणजे किती, यावर आणखी पाच मिनिटं गेली. तोवर आत सरलाने पहिला प्रश्न लिहायला घेतला होता.

तीन तासांनी ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक, पण चालत आली.

"मास्तरांनू, घेरी इली."

"मगे?"

"बाकार डोक्या ठेवलंय. मनात म्हटलंय, भायर बारा जण उभी आसत, तेंका ठावक आसा. जरा वेळान गेली. मगे लिवलंय."

दाजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. कौतुक, आनंद, ते सगळं होतंच. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या सोळा वर्षांच्या पोरीची लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मंडळ बसलं. वाचन झालं. आणि दाजी उठून होडीसमोर उभे राहिले. पोरांना वाटलं, सुट्टीची सूचना देतायत. दाजींनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, आणि घसा खाकरला, आणि पुन्हा म्हणाले, "बा देवा म्हाराजा. हो दाजी मसुरकर पाच वर्सां कोल्हापुराक जाता. सगळी म्हणतत नापास झालो. तो नापास झालो नाय. तो आत गेलोच नाय. फाटकासून मागे वळता आणि च्या पीत बसता. घरवालीक सांगूक नाय, गावाक सांगूक नाय, दिपोटीक खोटा लिवन दिलान. ह्या चेडवाक जा होता, ताच तेका होता. तेका भय वाटता रे म्हाराजा."

नेहमी आपोआप उघडणारे बारा गळे बंद. मास्तर माणूस घाबरतो, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. भरतीचं पाणी होडीच्या टोकापर्यंत येऊन परत गेलं. दाजींना वाटलं, संपलं, आता उद्या हे गावभर होणार. त्यांचे जोडलेले हात खाली यायला लागले.

"व्हय म्हाराजा," सरला म्हणाली. एकटीच.

मग शिवा म्हणाला. मग गुरुदास. मग सगळी, आणि एवढ्या मोठ्याने, की देवळाच्या पायरीवर बसलेला गंगाराम चमकून उठला आणि सवयीने त्यानेही होय म्हटलं.

वही सरलाने ओढून घेतली आणि कोऱ्या जागेत स्वतःच लिहिलं. "ठराव क्र. ९ : दाजी मास्तर भितात. ते भीत भीत आत बसतील. सूचक : कु. सरला."

"अनुमोदक?" गुरुदासने हात वर केला.

"नको," सरला म्हणाली. "तू आत खंय आसतलंस? अनुमोदक मगे. आधी मास्तर आत बसांदेत."

घरी जाऊन दाजींनी यमुनाबाईंनाही सगळं सांगितलं. तेही हात जोडूनच, कारण दुसऱ्या कुठल्या सुरात ते तोंडातून निघेना. यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पाच वर्सां माझी भाकरी त्या टपरीर बसान खाल्लास?" आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसणं संपल्यावर थोड्या रडल्या.

एप्रिलात कोल्हापूर. मंडळ काही घाट चढून येणार नव्हतं. एकटे दाजी, भाकऱ्यांचं गाठोडं आणि आगळाची बाटली. फाटकासमोर टपरीवाल्याने लांबूनच ओळखलं.

"या मास्तर! इष्टूल मांडलंया. साखर कमी."

चहा खरोखरच ओतलेला होता. वाफ येत होती. दाजींच्या पोटातला गोळा उठला, छातीशी आला, तळहात भिजले. दाजी थांबले. मग टपरीवाल्याला लांबूनच नमस्कार करून ते फाटकाच्या आत गेले. टपरीवाला हातात ग्लास घेऊन तसाच उभा राहिला.

हॉलमध्ये ऐंशी-नव्वद मास्तर मंडळी बसली होती. टक्कलवाले, मिशीवाले, दोन-तीन बायका. सगळी एरवी पोरांचे कान पिळणारी, आता पाय जुळवून बाकांवर. पर्यवेक्षक घाटावरचे, टोपीवाले. पेपर वाटला गेला. दाजींनी पहिली ओळ वाचली, आणि अक्षरं पोहायला लागली. प्रश्नातला 'अध्यापन' हा शब्द कागदाच्या काठाशी जाऊन परत आला. ते अर्धवट उठले. दार दहा पावलांवर होतं. पलीकडे चहा होता.

ते परत बसले. बाकाला घट्ट धरलं, आणि ओठातल्या ओठात, पण त्या शांततेत दोन बाकांपर्यंत जाईल इतपत, म्हणाले, "बा देवा म्हाराजा. हो दाजी मसुरकर आज आत इलो हा. तेका भय वाटता. वाटांदे. पण तेका बसवन ठेव रे म्हाराजा."

आणि थांबले. होय म्हणणारं तिथे कोण असणार?

"व्हय म्हाराजा," मागच्या बाकावरून आलं. जाड, घोगरा, पन्नाशीचा आवाज.

लगेच खिडकीकडून एक. मग भिंतीजवळच्या बाईंचा, अगदी बारीक. मग पार पुढून एक टक्कल न हलता म्हणालं. मालवणचे, वेंगुर्ल्याचे, देवगड-जामसंड्याचे, सावंतवाडीचे, हॉलभर विखुरलेले सगळे. कुणी मान वर केली नाही, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. माना खाली आणि 'व्हय म्हाराजा', 'व्हय म्हाराजा'.

"कोण बोललं? कोण बोललं ते?" पर्यवेक्षक रांगांमधून धावले. नव्वद माना पेपरात. घाटावरच्या माणसाला हा प्रकार काय आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. दाजींनी रुमालाने हात पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि आपला बैठक क्रमांक लिहिला.

निकाल जूनमध्ये लागला. दाजी तिसऱ्या वर्गात पास. सरलाही पास झाली, बेचाळीस टक्के, आणि हौसाबाईने त्या दिवशी अख्ख्या गल्लीला बांगडे फुकट वाटले. पण दाजींनी निकालाची वाट पाहिली नव्हती. कोल्हापूरहून आल्या दिवशीच ते एस.टी. स्टँडवरून थेट शाळेत गेले, कपाट उघडून वही काढली आणि ठराव क्रमांक नऊच्या खाली आपल्या वळणदार अक्षरात ओळ पूर्ण केली.

"अनुमोदक : मागच्या बाकावरील एक गृहस्थ. नाव विचारायचे राहिले. तेही घाबरले होते."